खोल खिसे

थंडर बेच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीपलीकडे एक कपाट आहे.
त्याच्या किल्ल्या दोघींकडे:
रात्रपाळीची नर्स रोझलीन काकेगॅमिक,
आणि मी, औने लाहतिनेन,
वय एकाहत्तर, धंद्यानं शिंपीण.

कपाटात विजारी आहेत.
राखाडी, निळ्या, एक मोरपंखी, कारण कापड उरलं होतं.
पांढरी मी शिवत नाही.
नाडी नाही; इलॅस्टिक, तेही सैल.
सदऱ्याला मागे बटण नाही, म्हणजे कुणाला
"जरा लावून देता का" म्हणावं लागत नाही.
आणि खिसे खोल,
मनगट बुडेल इतके.
त्या पहाटे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

रोझलीन तीन वर्षांपूर्वी बोलून गेली,
चहा पिताना, सहज:
"त्यांचे कपडे आम्ही ठेवून घेतो, औने.
कागदी पिशवीत घालतो, सील करतो. पुरावा.
मग त्या घरी जातात कागदाच्या झग्यात.
बाहेर उणे सव्वीस."
माझा चहा निवून गेला.
त्याच रात्री मशीनवरची धूळ पुसली.

मी कुणालाच पाहत नाही.
फळीवरची घडी कमी झाली की कळतं.
जानेवारीत चार: मध्यम, मध्यम, लहान,
आणि एक इतकी लहान
की ते माप पुन्हा शिवताना तीनदा उसवलं.
एप्रिलमध्ये कुणा मुलासाठी एक लागली.
ती नव्हती माझ्याकडे.
आता असते.

आत काय होतं ते रोझलीन सांगत नाही.
एवढंच म्हणते, की दर वेळी विचारते,
"हात लावू का?"
नको म्हटलं तर हात मागे घेते,
बसून राहते, घड्याळाकडे न बघता.
एकदा एक बाई एवढ्यावरच रडली होती,
आपलं 'नको' कुणाला ऐकू गेलं म्हणून.

लोक विचारतात ना, काय घातलं होतं तिनं?
दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर,
वहीतून मान वर न करता पोलीसही.
पन्नास वर्षं कापड हाताखालून गेलंय माझ्या,
मला विचारा.
लोकरी स्कर्ट, तपकिरी, घोट्यापर्यंत.
जाड मोजे. वरून भावाचा कोट.

बहात्तर सालचा नोव्हेंबर.
तो स्कर्ट मी सॉनाच्या चुलीत घातला.
लोकर लवकर जळत नाही,
आणि केस जळाल्यासारखी घाण येते.
आईनं अंगणातून विचारलं, कसला गं वास?
म्हटलं, काही नाही.

ते 'काही नाही' अंगावर घालून
मी एकोणपन्नास वर्षं फिरले.
लग्नात तेच, बाळंतपणात तेच, आईच्या मातीला तेच.
रोझलीननं पिशव्यांचं सांगितलं
त्या दिवशी त्याचं पहिलं बटण निघालं.
तिनं काही खोदून विचारलं नाही.
खुर्चीही जवळ ओढली नाही.
"खरं आहे तुझं," म्हणाली,
आणि पाळी संपली तरी उठली नाही.

गेल्या आठवड्यात कपाटाच्या दाराला
एक पिशवी अडकवलेली.
आत निळी विजार, धुतलेली.
उजवा खिसा फाटला असणार;
हिरव्या दोऱ्यानं शिवलाय,
शिंपिणीची झोप उडेल असे वेडेवाकडे टाके.
चिठ्ठी नाही.
खिशात हात घातला, तळाशी
धुऊन लगदा झालेलं बसचं तिकीट.
म्हणजे ती हे घालून कुठेतरी गेली होती.
इस्पितळातून घरी नव्हे, त्यानंतर.
कुठेतरी.

ते टाके मी उसवणार नाही.
विजार फळीवर ठेवावी की नाही, ठरत नाही अजून.
तोवर ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे.
मशीनला मात्र आज
हिरवा दोरा ओवलाय.